वाचणाऱ्याचं घड्याळ

१३ मार्च

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद. आज ते दातओठ खात देतेय, तरी आशीर्वादच आहेत, घे.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी तुला, त्यामुळे परवा आपण नुसते ओरडलो. म्हणून कागद घेऊन बसलेय. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

मंगळवारी दुपारी चार वाजताच मी विमानतळावर हजर होते. तू लिहिलेल्या वेळेचा हिशोब करून, अर्धा तास हाताशी ठेवून. पाटीवर तुझं विमान कुठेच दिसेना. चौकशीच्या खिडकीतल्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, ते सकाळी साडेसातलाच उतरलं. लोकांना धक्के देत मी ते अख्खं दालन पालथं घातलं. आई पार शेवटच्या टोकाला, सामानाच्या ढकलगाड्या रचून ठेवतात तिथे, एका खुर्चीत बसलेली. पायाशी बॅग, नाकावर चष्मा. पंचाहत्तरीची बाई, तेरा तास विमानात बसून आलेली, आणि वर आठ तास त्या खुर्चीत एकटी! मी तिथेच रडायला लागले. ती नाही रडली. आलीस का, म्हणाली, चल, भूक लागलीय.

आता चूक कोणाची ते ऐक. बाबा जहाजावर वायरलेसचं काम करायचे तेव्हापासून आपल्या घरात रीत आहे की पत्रात वेळ लिहायची ती वाचणाऱ्याच्या घड्याळाची. हिशोब लिहिणाऱ्याने करायचा, वाचणाऱ्याला त्रास द्यायचा नाही. ती रीत तू मोडलीस. जानेवारीत लिहिलंस की रात्री नऊला फोन कर. मी भाबडेपणाने माझ्या नऊला केला, तर तुझ्याकडे भर दुपार, आणि मीटिंगमधून तू माझ्यावर खेकसलास की नऊ म्हणजे तुझे नऊ. मी समजले, साहेब आता स्वतःच्या घड्याळावर चालतात. म्हणून या वेळी तुझ्या साडेसातमध्ये मी नऊ तास मिळवले. चाळीस शिक्षकांचं वेळापत्रक मी एकही तास एकमेकांवर न चढवता लावते, मला बेरीज शिकवू नकोस.

आणि विमान उतरलेलं तू ऑफिसच्या पडद्यावर पाहिलंस आणि निवांत घरी जाऊन झोपलास, हे तूच मला सांगितलंस. विमान पोहोचलं! आई पोहोचली का, ते पडद्यावर दिसत नव्हतं वाटतं?

तेव्हा माझा निर्णय ऐक. सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे, हा पोरखेळ बाबा गेल्यापासून चाललाय, तो आता बंद. आई यापुढे विमानात पाय ठेवणार नाही. ती कायमची माझ्याकडे राहील. इथे मी तिला काडी इकडची तिकडे करू देत नाही, आई तू फक्त बस, म्हणते. तिचे उरलेले लोकरीचे कपडे आणि गुडघ्याचा पट्टा पाठवून दे.

कळावे. लोभ असू दे असं लिहायची आज माझी तयारी नाही. तुझ्याकडे शिल्लक असेल तर तूच आधी दाखव.

तुझी
ताई


२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. नमस्कार साष्टांगच आहे, कारण तुझ्यासमोर उभं राहायची सोय उरलेली नाही.

तुझं पत्र वाचलं आणि डोक्यात तिडीक गेली. म्हणजे मी बाबांची रीत पाळली, तुझ्यासाठी हिशोब करून तुझ्या घड्याळातली वेळ लिहिली, आणि गुन्हेगार मी! जानेवारीतलं पत्र मी पाठीत उसण भरलेली असताना, अंथरुणात पडून दोन ओळींत खरडलं होतं. त्या एका चुकीवरून तू ठरवून टाकलंस की मी घरची रीत विसरलो? एकदा विचारायचं तरी होतंस. पण विचारेल ती ताई कसली. तू मनातल्या मनात निकाल लावतेस आणि मग वर्गात वाचून दाखवतेस.

रोज माझ्या हातून तीस विमानांचे मार्ग जातात. कुठल्या उंचीवर कसा वारा आहे, कुठे ढग आहेत, किती इंधन लागेल, सगळं मी बघतो. अकरा हजार किलोमीटरवरचं विमान मी चार मिनिटांच्या फरकाने उतरवून दाखवलं. पुढचे शेवटचे तीस किलोमीटर तुझ्याकडे होते, तुझ्या घरापासून विमानतळापर्यंतचे. तेवढंच चुकलं.

आणि हे विमान मी आईसाठीच निवडलं होतं, हे तुला एका शब्दाने लिहावंसं वाटलं नाही. आधी तिला मध्ये उतरून, दुसऱ्या विमानाची वाट बघत बाकावर ताटकळावं लागायचं. हे नवं थेट विमान आहे, याचा मार्ग आमच्याच टेबलावर आखला गेलाय, आणि तो आपल्या गावावरून जातो. तिला मुद्दाम डावीकडची खिडकी मिळवून दिली. निघताना सांगितलं होतं की साधारण अर्ध्या वाटेवर, सहा-साडेसहा तासांनी खाली बघ.

राहायचं म्हणशील तर आई इकडेच बरी. तुझ्या इमारतीची लिफ्ट आठवड्यातून दोनदा मान टाकते आणि तू चौथ्या मजल्यावर. माझ्याकडे सगळं तळमजल्यावर. मीही तिला कशाला हात लावू देत नाही. बटण तुटलं तरी मी बाहेरून लावून आणतो, तिला म्हणतो, तू बस. ऑक्टोबरमध्ये ती इकडे येईल, ती कायमची.

एक कामाचं. गावच्या आपल्या घरातला तो दंतवैद्य भाडेकरू महिनाअखेर जागा सोडतोय, किल्ल्या खालच्या चावीवाल्याकडे ठेवणार आहे. आता पुन्हा भाडेकरू शोधायची कटकट नको. आई काही तिथे एकटी राहणार नाही. घर विकून टाकू.

कळावे. लोभ आहे, पण सध्या तो तोंड फिरवून बसलाय.

तुझा
टिल्लू


२८ मार्च

चि. टिल्लूस,
अ. उ. आ. तुझे कान माझ्या हाताला लागत नाहीत एवढ्यासाठीच तू त्या शहरात नोकरी धरलीस असं मला आता वाटायला लागलंय.

शेवटचे तीस किलोमीटर! हे वाक्य लिहून तू वर पाकीटही चिकटवलंस? आईने आठ तास खुर्चीत काढले आणि तू किलोमीटर वाटून घेतोस? शाळेत पोरं भांडतात ती सुद्धा आपल्या बाजूने थोडं खोटं बोलतात, इतकं निर्लज्जपणे खरं बोलत नाहीत.

ऑक्टोबरची भाषा तू करूच नकोस. इकडे येताना वारा पाठीशी असतो म्हणून तेरा तास. तिकडे जाताना तोंडावर वारा, पंधरा तास. हे तूच मला मागे चित्र काढून समजावलं होतंस. पंधरा तास गुडघे दुमडून ती बसणार? तिचे पाय आल्यावर असे सुजले होते की चपलेचा पट्टा निघेना. तू वाऱ्याला फिरवू शकत असशील तर सांग, लगेच पाठवते.

आणि अकरा किलोमीटर उंचीवरून कुणाला गाव दिसतं रे? काहीतरी सांगून म्हाताऱ्या माणसाची समजूत काढायची. मी तिला विचारलं, दिसलं का काही. ती नुसती हसली. हल्ली अशीच हसते. बोलणं कमी झालंय. परवा शाळेतून आले तर माझ्या बैठकीच्या खोलीचा पडदा काढून मांडीवर घेऊन बसलेली. म्हणे त्याचा पट्टा वाकडा शिवलाय. मी तो तिच्या हातातून काढून घेतला. चांगला दुकानातून आणलेला पडदा, आता कशाला डोळे फोडून घ्यायचे? तिच्या वयाच्या बायका आराम करतात.

घर विकायचं म्हणतोस, ते मात्र मला पटलं. आश्चर्य वाटेल तुला, पण पटलं. दोन खोल्या, त्याही अरुंद जिना चढून जायच्या, त्यात आता कोण राहणार? कागद तयार कर. आईची सही मी घेते.

कळावे. लोभाचं नंतर बघू, आधी अक्कल येवो असा आशीर्वाद.

ताई


५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि. चला, दहा वर्षांत पहिल्यांदा एका गोष्टीवर आपलं जमलं. वर्तमानपत्रात द्यायला हवं.

सोबत घराचे कागद जोडलेत. जिथे पेन्सिलीने खूण केलीय तिथे आईच्या सह्या घे आणि लगेच परत पाठव. एक गिऱ्हाईक तयार आहे, त्याला थांबवून धरता येणार नाही.

बाकी सगळ्यावर माझं म्हणणं तेच. आई कुठे राहील हे तू एकटीने ठरवायचं नाहीस. तू शाळेत उपमुख्याध्यापिका आहेस, माझी नाहीस. पडदा हातातून काढून घेतलास हे वाचून तर माझं डोकंच फिरलं. मी निदान तिला टीव्ही लावून देतो. आणि पाय सुजतात त्यावर उपाय असतो, तासातासाने उठून चालायचं. तो तिला मी कागदावर लिहून दिला होता. तू वाचलास का?

कळावे. लोभ ठेव किंवा ठेवू नकोस, सह्या मात्र पाठव.

टिल्लू


१३ एप्रिल

चि. टिल्लूस,
अ. उ. आ. एवढंच.

कागद मिळाले. सह्या झालेल्या नाहीत. चार दिवस झाले, आईला चष्मा सापडत नाही. आज मी तिला म्हटलं की अगं, नाकावर आहे. त्यावर म्हणाली, हा दूरचा. मग म्हणाली, आता डोकं दुखतंय. मग म्हणाली, उद्या. मी चिडले. मी दिवसभर परीक्षांच्या धबडग्यात, घरी आलं की हे. मी जरा आवाज चढवला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं? तर माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मी सातवीत नापास होऊन आले होते तेव्हा बघत होती. मी उठून स्वयंपाकघरात गेले.

हे सगळं तुझ्यामुळे. तू आणि तुझं ते थेट विमान. पुढच्या आठवड्यात परीक्षा संपल्या की शांतपणे सही घेईन. ऑक्टोबरचं मात्र विसर.

कळावे. लोभ दोघांचाही आईवर आहे, एकमेकांवर नसला तरी चालेल.

ताई


२६ एप्रिल

चि. ताई आणि चि. टिल्लू,
दोघांना अनेक आशीर्वाद. हे एकच पत्र मी दोनदा लिहून काढलंय, शब्द न शब्द तोच. म्हणजे आईने तिला काय लिहिलं आणि मला काय लिहिलं म्हणून भांडायला जागा नको.

मी घरी आहे. माझ्या घरी. ताई, टेबलावर चिठ्ठी ठेवून निघाले होते, आणि पोचल्या पोचल्या खालच्या चावीवाल्याच्या दुकानातून फोनही केला. तू फोनवर रडलीस. टिल्लूने तर मला फोनवर विचारलं की मला कोणी फसवून नेलंय का. अरे, माझं डोकं ठिकाणावर आहे. तुम्ही दोघं बोलताना मी मध्ये पडले नाही म्हणून मला ऐकू येत नव्हतं असं समजलात काय? ताई तुझी पत्रं मोठ्याने वाचायची रे, टिल्लू, आणि प्रत्येक ओळीला तुला शिव्या घालायची. मला सगळं पाठ आहे.

आता त्या आठ तासांबद्दल. दीड महिना तुम्ही त्यावर भांडलात, पण त्या आठ तासांत मी काय केलं हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. म्हणून सांगते. उतरले, बाहेर आले, ताई दिसली नाही. तुमच्या बाबांच्या पत्रांवर मी माझं तरुणपण काढलंय. मला लगेच कळलं की लिहिणाऱ्यानेही हिशोब केला आणि वाचणारीनेही केला. एवढी शिकलेली माझी पोरं, आणि दोघांना एकमेकांवर एवढाही विश्वास नाही! मी तुमच्यावर अशी संतापले की कानशिलं तापली. खिडकीतली ती मुलगी म्हणाली, आजी, फोन लावून देऊ का? ताईचा नंबर मला तोंडपाठ आहे. मी नको म्हटलं. हो, नको म्हटलं. म्हटलं, बघूच यांना आई कधी आठवते.

मग जरा वेळाने फरशी पुसणारी बाई आली. तिच्या कोटाची काखेतली शिवण उसवली होती, हात वर केला की आतलं अस्तर दिसायचं. माझ्या चष्म्याच्या डबीत सुईदोरा असतो हे तुम्हा दोघांना ठाऊक नसेल. मी तिला कोट काढायला लावला आणि शिवून दिला. ती जाऊन तिच्या मैत्रिणीला घेऊन आली, तिच्या पिशवीचा बंद तुटला होता. मग चाकाची खुर्ची ढकलणारा एक जण आला, त्याच्या खिशाला भोक. कॉफी विकणारीने मला फुकट सूप आणि पाव दिला आणि तिच्या एप्रनची नाडी बसवून घेतली. दुपारपर्यंत माझ्यापुढे रांग लागली होती. ताई, तू आलीस तेव्हा मी नुकतीच सुई डबीत ठेवली होती. राग कधीच गेला होता. म्हणून मी रडले नाही.

या आठ तासांत मला एकानेही म्हटलं नाही की तू बस.

पडदे शिवून शिवून मी तुम्हा दोघांना वाढवलं. बाबा वर्षातले नऊ महिने पाण्यावर. या दोन खोल्यांत माझ्या मशीनच्या खडखडाटात तुम्ही अभ्यास केलात. आणि आता सहा महिने हा म्हणतो तू बस, सहा महिने ती म्हणते तू बस. बसून बसून माझे गुडघे गेले, विमानाने नाही गेले. माझ्या हातातून पडदा काढून घेतलास, ताई. तुझ्या पडद्याचा पट्टा वाकडा आहे तो आहे, आणि वाकडाच राहणार आता.

टिल्लू, तू म्हणालास तसं मी अर्ध्या वाटेवर खाली बघितलं. ताई म्हणते काही दिसत नाही. तिला काय माहीत! आकाश स्वच्छ होतं, रात्र झाली होती. आधी नदीचं वळण ओळखलं, तिथे दिवेच नसतात. मग पुलावरच्या दिव्यांची ओळ, आणि पुलाच्या या टोकाला आपला रस्ता. मी खिडकीच्या काचेला नाक लावून बसले होते. माझ्या घरावरून मला नेत होते रे, आणि उतरू देत नव्हते. त्या क्षणी मला तुम्हा दोघांचा जेवढा राग आला तेवढा बाबा मला न विचारता पहिल्यांदा बोटीवर गेले तेव्हाही आला नव्हता. तेरा तास म्हणता, पंधरा तास म्हणता, माझ्या घरापासून मोजायचं सुचलं का कुणाला? तुमच्या भांडणात सगळ्यावर तुमचं वाजलं, आणि एकमत झालं ते कशावर, तर माझं घर विकायचं यावर.

विमानतळावरच्या त्याच खिडकीत मी त्या मुलीला विचारून ठेवलं होतं की माझ्या गावाला जायला किती वेळ लागतो. तिने सगळं नीट सांगितलं, आणि ताई परीक्षांत गुंतलेली असताना मी फोन केला तेव्हा तिकीटही त्या मुलीनेच काढून दिलं. पाय सुजले नाहीत. टिल्लूने लिहून दिलेल्या कागदाप्रमाणे तासातासाने उठून चालले. तो कागद चांगला होता, ते कबूल.

चावीवाल्याने मशीन वर आणून दिलं. चार वर्षं ते त्याच्या दुकानात मागे फडक्याखाली होतं, तेल घातलं आणि चालू झालं. तो दंतवैद्य आपला सज्जन, भिंतीला एक खिळासुद्धा ठोकला नाही. समोरच्या शिंप्याने दोन घरांच्या पडद्यांचं काम माझ्याकडे पाठवलंय, त्याला उंच खिडक्यांचं माप जमत नाही. घराच्या कागदांवर सही केलेली नाही. चष्मा नाकावरच होता, जवळचाच. कागद जाड आहेत, मी त्यांचे पडद्याच्या घड्यांसाठी नमुने कापलेत. तुझ्या गिऱ्हाईकाला माझा नमस्कार सांग.

एकटी आहे, हे खरं. पडले झडले तर चावीवाला खाली आहे आणि त्याच्याकडे माझी दुसरी किल्ली आहे. तुमची आठवण येत नाही असं नाही, रोज येते. पण आठवण येते म्हणून मी सामानासारखी इकडून तिकडे जाणार नाही. तुम्ही या. ताईला तोंडावर वारा धरून साडेसात तास, टिल्लूला वारा पाठीशी धरून साडेसहा तास. वारा सोडला तर मी दोघांना सारखीच जवळ आणि सारखीच लांब. आता कोणी तक्रार करायची नाही.

जूनच्या पहिल्या रविवारी दोघं या. जेवायला आपण एक वाजता बसू. जेवण मी करणार, तुम्ही दोघं बसा.

लोभ होता, आहे, आणि तुम्ही कितीही गाढवपणा केलात तरी राहील.

तुमची
आई

ता. क. एक वाजता म्हणजे माझ्या घड्याळात एक. आयुष्यात पहिल्यांदाच माझी वेळ लिहितेय. हिशोब तुम्ही करा, आणि दोघांनी मिळून एकदाच करा.